शंभरात तेवीस

फोन आला तेव्हा काचबाईंचा डोळा सूक्ष्मदर्शकाला होता. डोळा काचेवर असताना बाई फोन घेत नाहीत, हे अख्ख्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं. म्हणून शिपाई दारातूनच म्हणाला, "बाई, पोलीस आहेत."

मग मात्र बाईंनी डोळा काढला.

"दलदलीच्या छावणीतला पंपवाला आठवतो का तुम्हाला?" फौजदारांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"छावणीत चारशे माणसं तपासली मी. माणसं नाही आठवत, रक्त आठवतं. काय झालं?"

"परवा मेला. ताप, ओकारी, झटके, बेशुद्धी, खलास. बायकोनं विष घातल्याचा संशय आहे, ती आमच्या कोठडीत आहे. छावणीच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, की याच्या रक्तात सिकल आहे, अशा माणसाला मलेरिया मारत नाही, म्हणजे हे विषच. त्याच्या रक्ततपासणीच्या कार्डावर सही तुमची आहे."

"मग?"

"एक ओळ लिहून द्या, कार्ड बरोबर आहे म्हणून. उद्या तिला कोर्टापुढे उभी करायचीय."

"पोटातले नमुने?"

"शहरात पाठवलेत. अहवाल यायला महिना. तोवर तुमची ओळ पुरे."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "दहा मिनिटांनी फोन करते," म्हणाल्या आणि कपाटाकडे गेल्या.

तीस वर्षं काचेवरचं रक्त बघण्यात गेली होती. त्यापायी 'काचबाई' हे नाव पडलं आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. बाई स्वभावानं किरकिऱ्या. कार्यालयाच्या फॉर्मात दोनच खाने होते, सिकल 'हो' आणि सिकल 'नाही'. बाईंचं समाधान दोन खान्यांत होत नसे. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून, वरून काच ठेवून त्या अर्धा तास थांबत. सिकलच्या पेशी रसायनात विळ्यासारख्या वाकतात, बाकीच्या गोल राहतात. इतर लोक वाकलेली पेशी दिसली की 'हो' लिहून मोकळे होतात. बाई शंभर पेशी मोजत आणि त्यातल्या किती वाकल्या तो आकडा आपल्या स्वतःच्या वहीत लिहीत. कुणी विचारलं नव्हतं, कुणी वाचतही नव्हतं. खोड, दुसरं काय.

वही उघडली. चार महिन्यांपूर्वीचं पान. नावं, नावांपुढे अंगठे, अंगठ्यांपुढे आकडे.

वाहक, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच सिकल मिळालेली माणसं, त्या पानावर नऊ होती. एक्याण्णव, चौऱ्याण्णव, नव्वद, असे सगळे आकडे नव्वदीतले. पंपवाल्यापुढे तेवीस लिहिलं होतं. बाजूला पेन्सिलीनं बाईंच्याच अक्षरात: 'रसायन शिळे?'

त्याखालची ओळ त्याच्या धाकट्या भावाची होती. ब्याण्णव. त्याखाली पंच्याण्णव.

रसायन शिळं होतं, तर पुढच्याच माणसाला ब्याण्णव कसे आले? बाटली तीच, दिवस तोच. तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये अंगाची काहिली होत होती, दारात चाळीस माणसांची रांग होती. त्यांनी मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांना विचारलंही होतं, "याच्या तेवीसच का हो?" डॉक्टर हसून म्हणाले होते, "बाई, रसायन शिळं झालं असेल. वाकड्या दिसल्या ना? मग 'हो' लिहा." वर पाण्याचा ग्लास पुढे केला होता. बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी 'हो' लिहिलं.

त्यांनी फोन लावला. "साहेब, मी तिथे येते. ओळ काय लिहायची ते तिथेच ठरवू."

"का, शंका आहे?"

"मला नेहमीच असते. प्रेत ठेवलंय ना अजून?"

"शीतपेटीत."

"ठेवा. कुणाला हात लावू देऊ नका."

*

छावणी कशी होती ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

दलदल उपसून त्यातून रस्ता न्यायचा, हे काम. वर टेकडीवर ऑफिस, दवाखाना आणि कुटुंबांची पत्र्याची चाळ. खाली पाण्यात खांब रोवून उभ्या केलेल्या शेड, तिथे रात्रंदिवस पंप चालायचे आणि रात्रंदिवस डास. पहिल्या वर्षी खाली अकरा माणसं मलेरियानं गेली. मग कुणीतरी शहाण्यानं शोध लावला, की सिकलच्या वाहकांना जबर मलेरिया सहसा होत नाही. ते खरंही आहे. मलेरियाचा जंतू पेशीत शिरला की वाहकाची पेशी वाकते आणि शरीर तिला जंतूसकट मोडीत काढतं. ताप येतो आणि जातो, मेंदूपर्यंत सहसा पोचत नाही.

कंपनीनं त्यातून नियम काढला: 'वाकडे' खाली, 'सरळ' वर. सरळ कार्डवाल्यांना मच्छरदाणी आणि आठवड्याची गोळी. वाकड्यांना दोन्ही नाही, त्यांना गरज काय? बाईंनी तेव्हाच सुनावलं होतं, की अहो, सहसा होत नाही म्हणजे होतच नाही असं नव्हे, त्यांनाही जाळी द्या. कंपनीच्या साहेबांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

फाटकावर हिरवा फलक होता. 'अपघाताविना दिवस', आणि त्याखाली खडूनं ४८८. मुकादम रोज सकाळी स्वतःच्या हातानं आकडा बदलायचा.

"पाचशेला काय मिळतं?" बाईंनी जाता जाता विचारलं.

"अधिकाऱ्यांची शहरात बदली," मुकादम म्हणाला. तो रुंद खांद्यांचा, गोडबोल्या माणूस होता. "मी आठ वर्षं इथे आहे, डॉक्टर अकरा. आता बाराच दिवस राहिले बघा."

"आणि मजुरांना?"

"त्यांना लाडू," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. फौजदार हसले नाहीत.

*

बाईंनी आधी प्रेत पाहिलं. फौजदार दारातच थांबले. चाळीशीचा, काटक माणूस. दोन्ही दंड, कोपरे, पाय, बाई एखादा कपडा विकत घेताना बघावा तसं उलटून पालटून बघत होत्या.

"ही जखम?"

डाव्या मांडीवर वीतभर लांब व्रण होता. अजून गुलाबी, दोन्ही कडांना टाक्यांचे ठिपके.

"जुनी असेल."

"जुनी पांढरी पडते. ही चार-पाच महिन्यांची आहे, आणि टाके डॉक्टरांच्या हातचे आहेत."

त्यांनी रक्त घेतलं. दवाखान्याच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला. एका काचेवर रक्त पसरून रंगवलं, दुसरीवर रसायनासह थेंब झाकून ठेवला. पहिली काच बघताना त्यांच्या तोंडातून नुसता हुंकार निघाला.

"काय आहे?"

"मलेरिया. शंभर पेशींत एकोणीस जंतूंनी भरलेल्या. इतका भार मी फार कमी वेळा पाहिलाय, आणि तो वाहकाच्या रक्तात कधीच नाही."

अर्ध्या तासानं दुसरी काच. बाईंनी शंभर मोजल्या. पुन्हा शंभर मोजल्या. मग तिसऱ्यांदा.

"एकही वाकडी नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. पन्नाशीचे, मऊ आवाजाचे, हात सतत रुमालाला पुसणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मेलेल्याचं रक्त आहे ते. त्यावर कसला भरवसा? आणि नसेल सिकल, तर त्या दिवशी यानं दुसऱ्या कुणाचं बोट पुढे केलं असेल. पंपावर बसून काम असतं, वाकडं कार्ड मिळावं म्हणून लोक काहीही करतात."

"पण मग मलेरियानंच मेला असेल ना?" फौजदार म्हणाले.

"रक्तात जंतू आहेत म्हणजे जंतूंनीच मारलं असं नसतं, साहेब. विष घातल्यावर जंतू काय पळून जातात?"

बोलणं बिनतोड होतं. फौजदारांनी बाईंच्या वहीतला अंगठा आणि प्रेताचा अंगठा भिंग लावून ताडून पाहिला. घाम फुटेपर्यंत पाहिला.

"अंगठा एकच आहे. त्या दिवशी बोट यानंच दिलं होतं."

"म्हणजे तोच माणूस," बाई पुटपुटल्या. "चार महिन्यांपूर्वी तेवीस वाकड्या, आज शून्य. साहेब, ही गोष्ट जन्माची असते. मरेपर्यंत बदलत नाही. हे होऊच शकत नाही."

"पण झालंय."

"हो. झालंय खरं."

*

कोठडीतली बाई रडत नव्हती. रडून झालं होतं. गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"मी विष घातलं नाही," ती आपणहून म्हणाली. "घरात उंदराची पावडर आहे. सगळ्या चाळीत आहे. उंदीर काय माझ्याच घरात येतात?"

काचबाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. "ताप कधी आला त्यांना?"

"मंगळवारी. खालून चढून आले ते दात वाजवतच."

"जेवले?"

"दोन घास. ते पण ओकले. तिथेच भाऊजी ओरडले माझ्यावर, काय घातलंस म्हणून."

"भांडण झालं होतं?"

"बुधवारी सकाळी. हे म्हणाले पंप बंद पडेल, खाली जातो. मी म्हटलं, आता खाली गेलात तर मेलात म्हणून समजा." ती थांबली. "सगळ्यांनी ऐकलं ते. ती धमकी नव्हती हो."

"मला माहीत आहे. डॉक्टर आले होते?"

"दोनदा. बुधवारी दुपारी येऊन तापाची गोळी देऊन गेले. म्हणाले वाकड्याला काही होत नाही, झोपू दे. गुरुवारी दुपारी परत आले. तेव्हा ह्यांचे डोळे फिरलेले, दातखीळ बसलेली. तेव्हा सुई दिली."

"कसली?"

"ओकारीची म्हणाले."

"औषध कसं होतं? पाण्यासारखं?"

"नाही. बाटलीत पांढरी पावडर होती. आधी एका बाटलीतलं पाणी घातलं, हलवलं. मग दुसऱ्या बाटलीतलं. मग शिरेत सोडलं. मी हात धरून बसले होते ना, म्हणून पाहिलं."

काचबाईंची बोटं पदरावर थांबली. "साहेब, हे शब्दन् शब्द लिहून घ्या," त्या म्हणाल्या. मग पुन्हा तिच्याकडे वळल्या. "मांडीला काय लागलं होतं त्यांना?"

"कुंपणाची तार म्हणे. मी तेव्हा माहेरी होते, आई आजारी होती. महिन्यानं परत आले तर घरात दोन पुरुष, एक लंगडा आणि एक पांढराफटक. भाऊजींना उठताना चक्कर यायची. मी म्हटलं, बाई घरात नव्हती तर काय उपाशी राहिलात दोघं?"

"काय म्हणाले?"

"दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसले."

*

मग हजेरीपट. मुकादमानं तो नाखुशीनं काढला.

पंपवाला: चाचणीच्या तेरा दिवस आधीपासून अकरा दिवस रजा, 'घरगुती कारण'. त्याचा धाकटा भाऊ, छावणीतला वेल्डर: त्याच तारखेपासून दोन दिवस रजा. कारण तेच.

"घरात काय कारण होतं?" फौजदारांनी विचारलं.

"मला काय माहीत साहेब? लोकांच्या घरात मी कशाला डोकावू?"

"त्या दिवशी छावणीत काही घडलं होतं?"

"काहीच नाही. फलक बघा ना. घडलं असतं तर आकडा शून्यावर आला नसता?"

वेल्डरला बोलावलं. डोळे सुजलेले, जबडा आवळलेला. बाईंनी सुई काढली. "बोट दे."

"माझं कशाला? तिचे हात तपासा. माझा भाऊ खाल्ला तिनं."

"बोट दे म्हटलं ना."

त्यानं दिलं. बाईंनी तीच बाटली, तेच रसायन वापरलं, आणि काच ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"तुला चक्कर कधीपासून येत होती?"

"कोण म्हणालं? मला काही होत नाही." पण बोलताना त्याचे डोळे बाईंकडे नव्हते, मुकादमाकडे होते. फौजदारांच्याही ते नजरेतून सुटलं नाही.

अर्ध्या तासानं बाईंनी मोजलं. ब्याण्णव. चार महिन्यांपूर्वीही ब्याण्णवच होते.

"साहेब," त्या म्हणाल्या, "कोठडीतल्या बाईला इथे आणा. आणि डॉक्टरांच्या औषधांच्या कपाटाची किल्ली मागून घ्या. आता, ह्या मिनिटाला."

*

दवाखान्याची खोली सात माणसांनी भरली. डॉक्टर टेबलामागे, मुकादम खिडकीपाशी, वेल्डर भिंतीला टेकून. पंपवाल्याची बायको दारात, शेजारी महिला शिपाई. फौजदार कपाटासमोर. काचबाई स्टुलावर बसल्या होत्या, वही मांडीवर.

"मला भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "जे दिसलं ते सांगते. आधी डॉक्टरांच्या शंकेचं बघू. मेलेल्याच्या रक्तावर भरवसा नाही म्हणालात ना? उलट आहे. प्राणवायू संपला की वाहकाच्या पेशी आपोआप वाकतात, रसायनाचीही गरज लागत नाही. हा मरून दोन दिवस झाले, तरी एकही वाकली नाही. त्याच बाटलीतल्या रसायनात भावाच्या ब्याण्णव वाकल्या. म्हणजे रसायन ठीक आहे. पंपवाला वाहक नव्हता. जन्मापासून नव्हता."

"मग तुमचं कार्ड खोटं," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले.

"तेच तर कोडं होतं. कारण त्या दिवशी त्याच्या रक्तात वाकड्या पेशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. शंभरात तेवीस. वाहक असता तर नव्वद दिसल्या असत्या, नसता तर एकही नाही. तेवीस कुणाच्याच नसतात. आईबापांकडून तेवीस मिळत नाहीत." बाईंनी चष्मा पुसला. "तेवीस एकाच रीतीनं येतात. दोन माणसांचं रक्त एका अंगात असलं तर."

"मांडीवर चार महिन्यांचा व्रण. अकरा दिवस रजा. त्याच दिवशी भावाची दोन दिवस रजा, आणि मग महिनाभर चक्कर. वहिनी माहेरून आली तर एक लंगडा, एक पांढराफटक. पंपवाल्याला अपघात झाला, साहेब. रक्त भळाभळा गेलं. आणि इथेच, या खोलीत, डॉक्टरांनी भावाचं रक्त काढून त्याला चढवलं. एक पिशवी नाही. एका पिशवीनं तेवीस होत नाहीत. दोन."

वेल्डर भिंतीला घसरत खाली बसला.

"खोदकामाचा कठडा तुटला," तो म्हणाला. "तो खड्ड्यातल्या सळईवर पडला. डॉक्टर म्हणाले गट जुळतो, आणखी थोडं दे, नाहीतर जाईल. मी म्हटलं सगळं घ्या."

"गप्प बस," मुकादम म्हणाला.

"आता कशाला गप्प बसू? तुम्ही म्हणालात बोललास तर दोघांचंही काम जाईल."

"आणि फलक शून्यावर येईल," फौजदार म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "अपघात झालाच नाही, म्हणून टाके नाहीत, म्हणून रक्त चढवलं नाही. कागदावर काहीच नाही."

"तेरा दिवसांनी मी आले," बाई म्हणाल्या. "त्याचं बोट टोचलं. माझ्या काचेवर पाव हिस्सा भावाचं रक्त आलं. मी विचारलं, तेवीसच का? त्या शेडमध्ये एकच माणूस होता ज्याला उत्तर माहीत होतं. तो म्हणाला, रसायन शिळं असेल."

डॉक्टरांनी रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. "मला त्या क्षणी सुचलं नाही, बाई. खरंच सांगतो. चढवलेलं रक्त चाचणीत दिसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही."

"त्या दिवशी नसेलही आलं. नंतर आलं. मुकादम, जागचे हलू नका. साहेब, कपाटात काय आहे?"

फौजदारांनी खोका पुढे केला. "जबर मलेरियाची इंजेक्शनं. सहाचा खोका, आत पाच. सहाव्याची नोंद कुठेही नाही."

"पांढरी पावडर. आधी एक पाणी, मग दुसरं पाणी, मग शिरेत. ओकारीचं औषध असं बनत नाही, डॉक्टर. ते तयार येतं. जबर मलेरियाचं हे औषध मात्र असंच बनवावं लागतं. गुरुवारी दुपारी तुम्ही त्याला तेच दिलंत." बाईंनी वही मिटली. "चढवलेल्या पेशी तीन-चार महिने जगतात, मग मरतात. त्याच्या अंगातलं भावाचं रक्त संपलं होतं. खाली डासांत तो बिनजाळीचा, बिनगोळीचा, अगदी उघडा होता. हे गुरुवारी तुम्हाला कळलं होतं. मलेरिया कबूल केला असता तर कार्ड आणि अपघात दोन्ही बाहेर आले असते, म्हणून सुई चोरून दिलीत. आणि शुक्रवारी, तो मेल्यावर, स्वतःच्या हातानं लिहिलंत, की याला मलेरिया मारूच शकत नाही, बायकोला विचारा."

"बुधवारी दिली असती तर?" दारातून पंपवाल्याच्या बायकोनं विचारलं.

तिनं पुन्हा विचारलं, "बुधवारी दिली असती तर वाचले असते का?"

"बहुतेक," काचबाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमलंच नसतं.

डॉक्टर बसल्या जागी लहान होत गेले. "अकरा वर्षं," ते म्हणाले. "अकरा वर्षं या चिखलात काढली मी. बारा दिवस राहिले होते. ती निर्दोष सुटलीच असती. महिन्यानं अहवाल आला असता, विष सापडलं नसतं. तोवर मी..."

"तोवर तुम्ही शहरात," फौजदार म्हणाले, "आणि ती आत. उठा."

मुकादमानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. फौजदारांनी त्याला बोटानंच दाराकडे जायची खूण केली. डॉक्टर आणि मुकादम दारावरच्या शिपायांबरोबर बाहेर गेले.

बाईंनी वहीतला कोरा कागद फाडला आणि टेबलावर लिहायला बसल्या. लिहून झाल्यावर कागद फौजदारांच्या हातात दिला.

त्यांनी वाचलं. 'पंपवाल्याचे कार्ड चुकीचे आहे. तेवीस हा आकडा तपासणारीने पाहिला होता आणि तरीही हो लिहिले.' खाली सही.

"दुसऱ्या वाक्याची गरज नाही, बाई. कोर्टात तुमच्याच अंगाशी येईल."

"येऊ दे. मी पाणी प्यायले आणि पुढच्या माणसाचं बोट धरलं. चाळीस माणसं रांगेत होती, हे काही कारण झालं? छावणीत आणखी दोनशे वाकडी कार्डं आहेत, साहेब. सगळी पुन्हा तपासणार आहे मी. आणि तोवर सगळ्यांना जाळी द्या, वाकडा असो की सरळ."

*

फाटकापाशी पंपवाल्याची बायको उभी होती. पायांत चपला नव्हत्या, कोठडीत काढून घेतलेल्या परत मिळाल्या नव्हत्या. वेल्डर तिच्यापासून चार हात लांब येऊन थांबला. मान वर होत नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला, "माझ्याच रक्तानं त्याला खाली नेलं. मी ते दिलं नसतं तर कार्ड सरळ आलं असतं. तो वरच राहिला असता."

"तुम्ही दिलं नसतं तर त्या दिवशी काय झालं असतं?"

"सळईवरच गेला असता."

"मग चार महिने मला तुम्ही दिलेत." ती सरळ त्याच्याकडे बघत होती. "त्या चार महिन्यांत त्यांनी पोरीला सायकल शिकवली. उतारावर मागे धावायचे, दुखऱ्या पायानं. ते दिवस तुमचे आहेत, भाऊजी, मी विसरणार नाही. पण मला विष घालणारी म्हणालात, तेही विसरणार नाही."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. ती जवळ गेली नाही, आणि निघूनही गेली नाही. काचबाई जीपपाशी उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

मग वहिनी म्हणाली, "चला. पोरगी तीन दिवस शेजारच्यांकडे आहे. आईनं बाबांना मारलं, असं चाळीनं तिच्या कानावर घातलं असेल एव्हाना."

"मी काय करू, सांगा."

"बाबा कशानं गेले ते तिला तुम्ही सांगायचं. खड्ड्यापासून सुईपर्यंत, काही न गाळता. मी शेजारी बसेन, पण बोलायचं तुम्ही."

ती पुढे निघाली. तो डोळे पुसत तिच्या मागून, त्याच चार हातांच्या अंतरानं, चाळीकडे चढू लागला.